जिलाली नावाड्याची शमा

होडी रबातच्या धक्क्याला लागली की उतरणाऱ्यांतला कोणी ना कोणी रबातकर मागं वळून विचारायचाच, "काका, असर व्हायला किती वेळ आहे?"

यात नमाजाची ओढ वगैरे काही नसे. रबातमध्ये लहानथोरांना पाठ असलेली गोष्ट अशी, की दुपार कलली, असरची बांग झाली, की नदीपलीकडच्या सला शहरातल्या लोकांचं डोकं फिरतं. कोणी म्हणे त्यांना समुद्राचा वारा लागतो, कोणी म्हणे त्यांच्या विहिरींतच काहीतरी आहे. सलाकरांचं म्हणणं वेगळं. पूर्वी आमची माणसं रबातला कामाला यायची, आमच्या वेशीचे दरवाजे लवकर बंद व्हायचे, म्हणून असर झाली की सगळे हातातलं टाकून होड्यांकडे धावत सुटायचे. त्या धावण्याला तुम्ही वेड म्हणत असाल तर म्हणा बापडे.

जिलाली असले खुलासे देत बसायचा नाही. तो वल्हं आडवं ठेवायचा आणि टेकडीकडे मान वर करायचा. तिथं रबातचा जुना मिनार उभा आहे, कोण्या सुलतानानं बांधायला काढलेला आणि तेव्हापासून अर्ध्यावरच राहिलेला.

"आधी तुमचा मिनार पुरा होऊ द्या," तो म्हणायचा, "मग वेळ सांगतो."

विचारणारा हसायचा, होडीतले सलाकर त्याहून मोठ्यानं हसायचे, आणि जिलाली रिकामी होडी घेऊन परत फिरायचा.

रिकामीच. हा नदीचा नियम होता. सलाच्या होडीनं सलाच्या काठावरची माणसं रबातला सोडायची, येताना रबातच्या काठावरचं माणूस भरायचं नाही. रबातच्या होड्यांनाही तोच नियम. कोणी घातला, कधी घातला, कुणाला ठाऊक नव्हतं. मधल्या काळात पूल झाले, पुलावरून ट्राम धावायला लागली, होडीत बसणारे म्हणजे बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्या, हात धरून बसायला निमित्त हवं असलेली पोरं आणि ज्यांना ट्राममध्ये गुदमरतं असे काही कारकून, एवढेच उरले. तरी नियम शाबूत होता. दोन्ही काठांचे नावाडी आपलं अर्धं आयुष्य रिकामी होडी वल्हवण्यात घालवत होते आणि वर त्याचा तोरा मिरवत होते.

याच नियमापायी जिलालीची एकुलती एक मुलगी रबातला गेली. बतूल रबातच्या एका शिवणाच्या दुकानात कामाला होती. सकाळी बापाच्या होडीतून जायची. संध्याकाळी, नियम तो नियम, रबातच्या होडीतून परत यायची. त्या होडीवर अदनान असे. दोन वर्षं रोज संध्याकाळी नदी ओलांडता ओलांडता त्या दोघांनी काय काय बोलून घेतलं ते त्यांनाच माहीत. जिलालीला कळलं तेव्हा साखरपुड्याची साखर आणि मेंदी घेऊन अदनानचा बाप दारात उभा होता. आणि बाप कोण, तर हमिदू. रबातच्या धक्क्याचा म्होरक्या, ज्याच्याशी दोन शब्दांची चकमक झाल्याशिवाय जिलालीचा दिवस उजाडत नसे.

"नियम मोडला असता तर पोरगी हातची गेली नसती," लग्नात जिलाली म्हणाला.

"नियम पाळलास म्हणून तर तिला बरं घर मिळालं," हमिदू म्हणाला. आणि दोघे वैरी एकमेकांचे व्याही झाले.

आता शमेविषयी.

मिलादच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या, आदल्या दिवशी असरची नमाज आटोपली की सलात शमांची मिरवणूक निघते. शमा म्हणजे पेटवायची मेणबत्ती नव्हे. माणसाहून उंच लाकडी सांगाडा, कागदानं मढवलेला, आणि त्यावर रंगीत मेणाच्या पाकळ्या एकेक करून चिकटवलेल्या. लाल, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या. लांबून पाहिलं तर मेणाचं मखरच चालत येतंय असं वाटतं. ढोल-सनया पुढे, शमा मागे, आणि गल्लीगल्लीतून फिरत सगळा गाव त्या गावच्या पीराच्या दर्ग्यात नेऊन ठेवतो. शमा उचलतात ते नावाडी. नुसती उचलत नाहीत, नाचवतात. चौकात आलं की शमेनं डुलायचं, गिरकी घ्यायची, आणि एक पाकळी गळता कामा नये. मेण ते, दणका बसला की तडकतं.

ज्या घराची जी शमा, ती त्याच घरात राहते. तांबड्या कमळांची शमा जिलालीच्या आजानं नाचवली, बापानं नाचवली, आणि बापाचा हात थरथरायला लागल्यापासून जिलालीनं. वर्षभर तो फाटक्या स्वेटरमधला नावाडी असे. त्या एका दुपारी घोळदार सुरवार, जरीची बंडी आणि कमरेला रेशमी शेला बांधून तो वेशीतून आत यायचा, तेव्हा त्याची बायको रकियासुद्धा गच्चीवरून जरा निराळ्या नजरेनं बघायची.

गेल्या वर्षी दर्ग्याच्या वळणावर त्याच्या उजव्या गुडघ्यानं दगा दिला. शमा पडली नाही, पण झुकली, आणि कमळाच्या पाकळ्या फरशीवर सांडल्या. त्यानं फरशीला दोष दिला. फरशीनं काही उत्तर दिलं नाही, पण डॉक्टरनं दिलं. वल्हं मारा म्हणाला, बसून मारता ना. ओझं घेऊन उभं राहायचं विसरा.

मिलाद जवळ आली तसा शमांचा मुकादम तय्यब होडीवर येऊन बसला. चांगला माणूस, पण रीतीला पक्का. त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं: घरचा माणूस हवा आणि होडीवर उभं राहायची सवय हवी. मुलगा नसेल तर पुतण्या चालेल, भाचा चालेल, जावई चालेल. यंदा कोणी उभं राहिलं नाही तर तांबडी शमा दुसऱ्या घराला द्यावी लागेल, आणि एकदा दिली की मागता येत नाही.

जावई हा शब्द जिलालीनं ऐकला आणि नदीत थुंकून टाकला.

पण तो शब्द परत आला. शुक्रवारी बतूल आणि अदनान जेवायला आले होते. कुसकुसचं मोठं ताट मध्ये, सगळे भोवती. अदनाननं आपल्या बाजूचा भोपळ्याचा तुकडा सासऱ्याकडे सरकवला आणि खाली बघतच म्हणाला, "काका, तुमची हरकत नसेल तर शमा मी उचलतो."

जिलालीनं भोपळा खाल्ला. मग पाणी प्यायला. मग रकियाला म्हणाला, "मीठ कमी पडलंय." रकियाच्या हातचं मीठ त्यांच्या उभ्या संसारात कधी कमी पडलं नव्हतं. बतूल ताटावरून उठली. अदनान मात्र शांतपणे जेवत राहिला, आणि जाताना त्यानं नेहमीसारखं, मोठ्यांचा मान म्हणून, सासऱ्याच्या खांद्याला ओठ लावले. जिलालीला त्याचा आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी रबातच्या धक्क्यावर हमिदू वाटच बघत होता. पुदिन्याचा चहा ओतता ओतता तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काय व्याहीबुवा, ऐकतो ते खरं का? सला एवढं मोठं शहर, आणि शमेला एक खांदा मिळेना? आमच्याकडे आहेत की. सांगा, पाठवून देतो."

धक्क्यावर हशा पिकला. जिलाली होडीत उभा राहिला. गुडघा कळवळला, तरी उभा राहिला.

"हमिदू, ऐकून ठेव. ज्या दिवशी रबातचा खांदा आमच्या शमेखाली लागेल, त्या दिवशी असरच्या बांगेला मी इथं येईन आणि तुझ्या या धक्क्यावर सगळ्यांसमोर नाचेन. अल्लाची शपथ."

हमिदूनं चहाचा पेला त्याच्याकडे पुढे केला. "साखर जास्त घातलीय," तो म्हणाला. "नाचायला ताकद लागते."

शपथ दुपारपर्यंत दोन्ही काठांवर पोचली. मासळीबाजारात बायका रकियाला विचारायला लागल्या, की कधी नाचतोय म्हणे तुझा म्हातारा.

जिलालीनं मग आपल्या भावाचा मुलगा अनस याला धरलं. अनस कुंभारवाड्यातल्या भट्टीवर कामाला, दंड असे की मातीचे गोळे लाजावेत. मनानं सरळ, काकाला नाही म्हणवेना. जिलालीनं त्याला बापानं आपल्याला शिकवलं तसंच शिकवायला घेतलं. होडी प्रवाहात न्यायची. वल्हं उभं धरायचं, त्याच्या टोकाला पाण्यानं काठोकाठ भरलेली मातीची घागर बसवायची, आणि होडी डुलत असताना उभं राहायचं. पाणी सांडलं नाही तर समजायचं, शमा नाचवता येईल.

अनसनं घागर उचलली ती पिसासारखी. आणि मग एक लाट आली.

"काका, थंड आहे पाणी," तो अंग निथळत म्हणाला.

"तू दंडानं धरतोस. दंडाचा काही संबंध नाही. गुडघा सैल सोड."

"सैल सोडला तर पडेन."

"सैल सोडला नाहीस म्हणून तर पडतोयस, बाळा."

रोज सकाळी हेच. अनस भिजून भट्टीवर जायचा आणि तिथं वाळायचा. घागरी मात्र तोच पुरवत होता, कारण फुटतही तितक्याच होत्या.

अशाच एका सकाळी नदीवर धुकं होतं. ते जरा विरलं तेव्हा रबातच्या बाजूला, टेकडीवरच्या किल्ल्याच्या सावलीत, एक होडी दिसली. होडीत एक माणूस उभा. हातात वल्हं उभं, वल्ह्याच्या टोकाला घागर. होडी डुलत होती, माणूस डुलत होता, आणि घागर मात्र जागच्या जागी होती, जणू तिला आकाशातून दोरी बांधली होती. मग त्या माणसानं सावकाश गिरकी घेतली. होडीच्या दुसऱ्या टोकाला कोणी एक म्हातारा वल्ह्यावर बसून होडी मुद्दाम हलवत होता.

"काका, बघा," अनस म्हणाला. "सांडलं नाही."

"रबातकर आहेत ते. घागर रिकामी असणार," जिलाली म्हणाला आणि त्यानं होडी वळवली.  पण घागर रिकामी असती तर वाऱ्यानं हलली असती, हे त्याला न कळण्याइतका तो नवखा नव्हता.

त्या आठवड्यात बतूल माहेरी आली. स्वयंपाकघरात आईबरोबर शेंगा सोलत बसली. जिलाली दारात पाय पसरून गुडघ्याला ऑलिव्हचं तेल चोळत होता.

"बाबा, तुम्ही पाहिलात ना त्याला," ती म्हणाली.

"कोणाला?"

"माहीत आहे तुम्हाला. अनस म्हणाला."

जिलाली तेल चोळत राहिला. मग म्हणाला, "ती गिरकी माझ्या बापाची आहे. डाव्या टाचेवर. ती या घराबाहेर कोणाला येत नाही. त्याला कोणी शिकवली?"

"मी."

"आणि तुला?"

"तुम्हीच. तुम्ही अंगणात करायचात आणि मी या दारातून बघायचे. तुम्ही नदीवर गेलात की केरसुणीवर वाडगं ठेवून करून बघायचे. आईला विचारा, किती वाडगी फुटली."

"मांजरानं फोडली म्हणून सांगायचे मी," रकिया म्हणाली. "आपल्याकडे मांजर नव्हतं, ते यांच्या कधी ध्यानात आलं नाही."

जिलालीनं मुलीकडे पाहिलं. बतूलनं शेंगांचं टोपलं बाजूला ठेवलं.

"मी मुलगा असते तर तुम्ही आज असे गुडघा चोळत बसला नसतात. मी मुलगी आहे म्हणून शमा घरातून जाणार असेल, तर जाऊ दे, रडून घेईन. पण ती जात नाहीये, बाबा. ती दारात उभी आहे आणि तुम्ही कडी लावून बसलायत."

"रबातकर आहे तो."

"रोज संध्याकाळी मला सलाला सुखरूप आणून सोडायचा तेव्हाही रबातकरच होता."

 जिलाली गुडघ्याकडे बघत पुटपुटला, "मी शपथ घेतलीय. अख्ख्या धक्क्यासमोर."

"नाचायची घेतलीय," रकिया म्हणाली. "मरायची नाही."

तो उठला आणि लंगडत बाहेर गेला. हो म्हणाला नाही. पण त्या दिवशी जेवणात मीठ कमी असल्याचंही म्हणाला नाही, हे रकियानं लक्षात ठेवलं.

मिरवणुकीचा दिवस उजाडला. त्या दिवशी सलाच्या होड्या पाण्यात नसतात; सगळे नावाडी शमांपाशी असतात. मेणकाराच्या चौकात शमा ओळीनं उभ्या होत्या, मेणाचा मधासारखा वास सुटला होता. दुपारच्या नमाजानंतर मुकादमानं एकेकाला उचलून चालून दाखवायला सांगितलं. अनसनं तांबडी शमा उचलली. उचलली झोकात. चौकाला अर्धा वळसा घातला. मग गिरकीची वेळ आली आणि त्याचे पाय फरशीला चिकटले. त्यानं दातओठ खाऊन अंग वळवलं. शमा हिसक्यानं वळली आणि कमळाची एक पाकळी टपकन खाली आली.

अनसनं शमा हळूच टेकवली. पाकळी उचलून जिलालीच्या हातात दिली.

"काका, मला भट्टीवरच्या चुली तोडायला सांगा, तोडतो. हे माझ्यानं होणार नाही. सगळ्या गावासमोर तुमची शमा माझ्या हातून पडली तर मी तोंड कुठं दाखवू? ज्याला येतंय त्याला बोलवा ना."

मुकादम तय्यबनं दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, की असरची नमाज होईल, मग ढोल वाजतील, आणि ढोल वाजायच्या आत तांबड्या शमेखाली घरचा माणूस दिसला नाही तर तो मोठ्या मशिदीजवळच्या घराला निरोप धाडेल. त्यांची दोन मुलं तयारच आहेत.

जिलाली पाकळी हातात घेऊन उभा राहिला. मेण तळहाताच्या उबेनं मऊ व्हायला लागलं होतं. त्यानं ती शमेच्या मोकळ्या जागेवर अंगठ्यानं दाबून बसवली, जरा वाकडीच बसली, आणि तो चौकातून बाहेर पडला. वेशीतून खाली, मासळीबाजारामागून, ओल्या वाळूवरून थेट आपल्या होडीकडे.

तो नदीच्या मध्यावर असताना असरची बांग झाली. आधी सलाच्या मशिदींतून, लगोलग रबातच्या. दोन्ही काठांचे आवाज पाण्यावर एकमेकांत मिसळले.

रबातच्या धक्क्यावर नावाडी पेले विसळत होते. पलीकडून एकटी होडी येताना दिसली, तसा एकजण म्हणाला, "आज तर त्यांच्या होड्या बंद असतात. हा कोण?"

"जिलाली आहे," दुसरा म्हणाला. "आणि असर झालीय."

कोणीतरी हसायला सुरुवात केली, पण हमिदूनं हात वर केला तसं ते थांबलं. जिलालीनं होडी बांधली, धक्क्यावर चढला. अदनान जाळ्यांच्या ढिगापाशी उभा होता.  जिलाली त्याला ओलांडून सरळ हमिदूसमोर जाऊन उभा राहिला.

"आलोय," तो म्हणाला.

"दिसतंय. वेळेवर आलायस."

"तुझा मुलगा हवाय मला."

हमिदूनं त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघितली तो समोर उभा होता. आणि त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "बरं, घेऊन जा. आणि ती शपथ मोडून टाक. तीन दिवस रोजे धर, अल्ला माफ करतो. तो पाय घेऊन आता इथं तमाशा करू नकोस."

"रोजे धरून त्याला गिरकी कशी कळेल?" जिलाली म्हणाला.

मग तो अदनानकडे वळला. "इकडे ये. नीट बघ. बतूलनं तुला दारातून पाहिलेलं शिकवलंय. दारातून पायाची बोटं दिसत नाहीत, उंबरा आड येतो. टाच तुझी बरोबर आहे. पण टाचेच्या आधी अंगठा. अंगठा जमिनीला विचारतो, मग टाच बसते. असं."

आणि रबातच्या धक्क्यावर, सगळ्या रबातकरांसमोर, असरच्या वेळी, सलाकर जिलाली नाचला. फार नाही. हातात नसलेली शमा खांद्यावर धरून तो डावीकडे डुलला, उजवीकडे डुलला, अंगठा टेकवला, टाच बसवली आणि फिरला. गुडघा मध्येच वाकला, तेव्हा अदनाननं पुढे होऊन त्याच्या कोपराला हात दिला. जिलालीनं तो झटकला नाही. उरलेली अर्धी गिरकी दोघांनी मिळून घेतली.

धक्क्यावर कोणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या नावाड्यानं मात्र विचारलं, "आणि डोकं फिरतं ते कधी?"

"आत्ताच फिरलं," जिलाली म्हणाला. "चल रे, अदनान. होडीत बस."

"थांब," हमिदू म्हणाला. "आमच्या काठावरचा माणूस तुझ्या होडीत कसा बसेल? नियम आहे."

जिलाली थबकला. नियम होता. त्यानंच तो तरुणपणी कोणा रबातकराचं टोपलं पाण्यात फेकून पाळायला लावला होता.

"बस माझ्या होडीत," हमिदू म्हणाला. "दोघंही बसा. तू आज उतारू."

"आणि माझी होडी?"

"राहू दे इथं. रबातकर होड्या खात नाहीत."

जन्मात पहिल्यांदा जिलाली रबातच्या होडीत उतारू होऊन बसला. बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं, की फळीवर पाण्याच्या सुकलेल्या खुणा आहेत आणि कोपऱ्यात एक घागर आहे, तिच्या गळ्याला ओला दोर.

"होडी हलवणारा म्हातारा तू होतास," तो म्हणाला.

हमिदू वल्हं मारत राहिला. "सूनबाईचा हुकूम. जोरात हलवा म्हणायची. माझी कंबर धरली आहे तेव्हापासून." मग जरा वेळानं, "रोज सांडायचा आधी. एक दिवस सांडलं नाही, तर ती रडली. तुमच्या सलाच्या बायका आनंदानं रडतात का?"

"आमच्या घरातल्या रडतात."

वेशीपाशी पोचले तेव्हा ढोल घुमायला लागले होते. ढोल ऐकून चौकात मुकादम तय्यबनं निरोप्याकडे मान वळवली होती, तेवढ्यात अनस ओरडला, "आले!" तो धावतच पुढे आला, आपल्या कमरेचा रेशमी शेला सोडून त्यानं अदनानच्या कमरेला गुंडाळला. बंडी अदनानला आखूड झाली, सुरवार ढगळ. मुकादमानं त्याला खालीवर पाहिलं आणि जिलालीला विचारलं, "घरचा?"

"घरचा," जिलाली म्हणाला. "आणि होडीवरचा."

तांबडी शमा उठली.

जिलाली मिरवणुकीच्या कडेनं, भिंतीला हात लावत चालत होता, हमिदू त्याच्या शेजारी. गच्च्यांवरून बायका गुलाबपाणी उडवत होत्या, त्यांत कुठंतरी रकिया आणि बतूल होत्या. दर्ग्याच्या वळणावर, जिथं गेल्या वर्षी पाकळ्या सांडल्या होत्या, तिथं सनया चढल्या. अदनान थांबला. शमा डावीकडे डुलली, उजवीकडे डुलली. जिलालीनं वर शमेकडे बघितलंच नाही. त्याची नजर त्या परक्या गावच्या पायांवर होती. अंगठ्यानं फरशीला विचारलं. टाच बसली. तांबडी कमळं सगळ्या डोक्यांवरून एक पुरा फेरा फिरून आली, आणि जिलालीनं वाकडी बसवलेली ती पाकळीसुद्धा जागची हलली नाही.

गच्चीवरून लांबलचक ललकारी उठली. ती बतूलची होती. एवढा श्वास गावात दुसऱ्या कुणाला नव्हता.

"आमच्याकडे असं काही नाही," हमिदू हळूच म्हणाला. म्हणताना त्याला बरंच काही गिळावं लागलं.

"मिनार आहे की," जिलाली म्हणाला. "अर्धा का होईना."

भिंतीला टेकून उभी असलेली एक म्हातारी डोळे बारीक करून शमेकडे बघत होती. तिनं जिलालीची बाही ओढली. "अरे, तांबडी शमा ना ही? तुमचीच ना? खाली कोण आहे? तुला तर मुलगा नव्हता."

जिलालीनं गर्दीत दूर जाणाऱ्या कमळांकडे पाहिलं.

"आहे, खाला," तो म्हणाला. "रबातला असतो."

म्हातारीनं मान हलवली. सलात कोणाचा मुलगा रबातला नसतो?

 परतीच्या वाटेवर, धक्क्याकडे उतरताना हमिदू म्हणाला, की उद्या सकाळी होडी न्यायला येशील तेव्हा चहा घेऊनच जा, आणि कसा येणार ते आधी सांग, ट्रामनं की नियम मोडून माझ्या होडीनं. जिलाली म्हणाला, "विचार करतो." मग सावकाश पायऱ्या चढून आपल्या गल्लीकडे वळला. कोपऱ्यावर आसपास कोणी नाही असं पाहून त्यानं भिंतीचा आधार सोडला, आणि अंगठा जमिनीला टेकवून बघितला.